पियूषिका ग्रंथीची गाठ: रक्त द्यायला येण्यापूर्वी

मेंदूच्या तळाशी, हाडाच्या खोबणीत वाटाण्याएवढी पियूषिका ग्रंथी असते. तिच्यात होणारी गाठ जवळजवळ नेहमी साधी असते, कर्करोगाची नसते. त्रास होतो तो गाठ एखादे हार्मोन जादा बनवते म्हणून, किंवा वाढून वरच्या दृष्टीच्या नसा दाबते म्हणून.

पाळी थांबली, बाळंतपणाशिवाय स्तनांतून दूध आले, पुरुषांत कामेच्छा कमी झाली, तर डॉक्टर आधी प्रोलॅक्टिन (स्तनांत दूध तयार करायला लावणारे हार्मोन) तपासायला सांगतात. इथे बराचसा घोळ रक्त देण्याआधीच होतो. झोपेत प्रोलॅक्टिन वाढते, म्हणून उठल्यावर दोन-तीन तासांनी या. त्या सकाळी व्यायाम नको. सुईच्या भीतीनेही आकडा चढतो, त्यामुळे आधी १५-२० मिनिटे शांत बसा. उलटीवरचे डोमपेरिडोन व मेटोक्लोप्रामाइड, मानसिक आजारावरचे रिस्पेरिडोन यांनी प्रोलॅक्टिन वाढते. चालू गोळ्यांची यादी द्या, पण मनाने एकही बंद करू नका. गर्भारपण आणि मंदावलेले थायरॉइड हीसुद्धा कारणे आहेत. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर जरूर सांगा, त्याने काही हार्मोनचे रिपोर्ट चुकतात.

प्रोलॅक्टिन २०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर गेले, तर प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या गाठीचा दाट संशय येतो. थोडेसे वाढलेले असेल तर घाबरू नका, तपासणी पुन्हा करावी. उलट, एमआरआयमध्ये गाठ मोठी आणि आकडा मात्र बेताचा, असे दिसले तर तोच नमुना १०० पट पातळ करून तपासून घ्यावा. प्रोलॅक्टिन अतोनात असले की मशीन फसते आणि आकडा खोटा कमी दाखवते.

कॉर्टिसॉल या ताणाच्या हार्मोनच्या चाचणीत रात्री ११ ते १२ दरम्यान डेक्सामेथासोन (स्टेरॉइडची गोळी) १ मिलिग्रॅम घ्यायचे आणि सकाळी ८ ते ९ ला रक्त द्यायचे. गोळीची वेळ चुकली तर रिपोर्टला अर्थ राहत नाही. गर्भनिरोधक गोळ्यांनीही कॉर्टिसॉल खोटे जास्त दिसते. हातपाय, जबडा मोठे होत असतील तर आयजीएफ-१ (वाढीचे हार्मोन जादा आहे का ते दाखवणारा रक्तातला घटक) तपासतात.

गाठ दिसते ती कॉन्ट्रास्ट (शिरेतून औषध देऊन केलेल्या) एमआरआयमध्ये. १० मिलिमीटरपेक्षा लहान ती सूक्ष्म, त्याहून मोठी ती मोठी गाठ. पेसमेकर किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास आधी कळवा. गाठ दृष्टीच्या नसांपर्यंत पोचली असेल तर दोन्ही बाजूंच्या कडेचे दिसेनासे होते, म्हणून नेत्रतज्ज्ञांकडून दृष्टिक्षेत्र तपासून घ्यावे.

अचानक असह्य डोकेदुखी, उलट्या आणि दृष्टी जाणे असे झाले, तर गाठीत रक्तस्राव झालेला असू शकतो. तपासणीसाठी आमच्याकडे न येता थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.