डॅफ्नीचे झाड आणि त्याचे वाचक

रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसेस’चे १५ सर्ग आणि सुमारे १२,००० ओळी आहेत. लॅटिन काव्यातल्या रूपांतरकथांचा अभ्यास म्हटला की बहुतेक वेळा याच ग्रंथाशी येऊन थांबावे लागते. या अभ्यासाने किती वळणे घेतली, हे पाहायला पहिल्या सर्गातली डॅफ्नीची गोष्ट पुरते. अपोलो देव मागे लागतो, ती जिवाच्या आकांताने पळते, दमून आपल्या पित्याला, पेनिअस या नदीदेवाला, हाक मारते आणि उभ्याउभ्या लॉरेलचे झाड होते. सगळा मामला शंभर-सव्वाशे ओळींचा.

विषय ओव्हिडने शोधलेला नव्हे. निकँडर या ग्रीक कवीने त्याच्या आधी रूपांतरांवर काव्य रचले होते. ते आता हरवले आहे. डॅफ्नीची एक वेगळी हकिगत पार्थेनिअसने ग्रीक गद्यात नोंदवून ठेवली आहे. तीत ल्युकिपस नावाचा तरुण मुलीच्या वेषात तिच्या मैत्रिणींत शिरतो आणि आंघोळीच्या वेळी त्याचे बिंग फुटते. अपोलोचा पाठलाग येतो तो शेवटी, ओझरता. ओव्हिडकडे ल्युकिपस नाही. तिथे पाठलाग हीच गोष्ट आहे.

शेवटी अपोलो त्या झाडाला सांगतो की तू रोमचा सम्राट ऑगस्टस याच्या दाराशी पहारा देशील. इ.स.पू. २७ मध्ये सेनेटने खरोखरच ऑगस्टसच्या दारावर लॉरेल लावण्याचा ठराव केला होता. म्हणजे रोमच्या वाचकाला ही ओळ थेट राजवाड्याच्या उंबऱ्यावर नेऊन सोडत होती. ही स्तुती की टोमणा, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. मात्र इ.स. ८ मध्ये ऑगस्टसने ओव्हिडला काळ्या समुद्रावरच्या टोमिसला हद्दपार केले, त्याचा धागा या ओळीशी जोडण्याचा मोह आवरलेला बरा. ओव्हिड स्वतः कारणे दोनच सांगतो, एक काव्य आणि एक चूक. आणि ते काव्य म्हणजे प्रेमकलेवरचे, असेच सहसा मानले जाते.

ख्रिस्ती मध्ययुगात हा ग्रंथ टिकला तो रूपकाच्या आधाराने. बाराव्या शतकात ऑर्लेआँच्या आर्नुल्फने कथांचे नीतिपर अर्थ लावले. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला जुन्या फ्रेंचमध्ये ‘ओव्हिड मोरालिझे’ तयार झाले, तब्बल ७२,००० ओळींचे. त्यातल्या एका अर्थाप्रमाणे डॅफ्नी चक्क कुमारी मेरी ठरते! हसू येते खरे, पण या अर्थांच्या पांघरुणाखालीच गोष्टी मठांत आणि शाळांत वाचल्या गेल्या.

ग्रंथाची पहिली छापील आवृत्ती १४७१ मध्ये आली आणि कलावंतांनी ग्रंथ हातात घेतला. सर्वांत जुना ऑपेरा मानला जातो तो १५९८ चा ‘डाफ्ने’. इटालियन शिल्पकार बर्निनीने १६२२ ते १६२५ च्या दरम्यान हा पाठलाग संगमरवरात घडवला: बोटांना पाने फुटताहेत, पायांची मुळे होताहेत. शिल्प कार्डिनलच्या घरात शोभावे म्हणून पायथ्याला बोधवचन कोरले, की क्षणभंगुर सौंदर्यामागे धावणाऱ्याच्या हाती पाने आणि कडू फळेच येतात. बोध पाठलाग करणाऱ्याला. पळणारीबद्दल अवाक्षर नाही.

एकोणिसाव्या शतकात ओव्हिडचा भाव उतरला. रोमचा महाकवी व्हर्जिल याच्यापुढे तो वरवरचा, शब्दांशी खेळणारा वाटू लागला. विसाव्या शतकात हाइन्झे, फ्रेंकेल या अभ्यासकांनी त्याला पुन्हा गांभीर्याने वाचले. १९९२ मध्ये अभ्यासक एमी रिचलिन यांच्या निबंधाने मात्र रोख बदलला. या ग्रंथातल्या बलात्काराच्या प्रसंगांची मजा नेमकी कोणाला येते, असे त्यांनी विचारले. त्यानंतर डॅफ्नीच्या ओळी नव्या नजरेने पाहिल्या जाऊ लागल्या. अपोलो खोडावर हात ठेवतो तेव्हा नव्या सालीखाली तिची छाती अजून धडधडते आहे. तो लाकडाचे चुंबन घेतो, लाकूड मागे सरते. मग तो तिला ‘माझे झाड’ म्हणतो आणि शेंडा मान हलवल्यासारखा ‘वाटतो’. वाटतो कोणाला? पिढ्यान्‌पिढ्या हा तिचा होकार म्हणून वाचला गेला. ओव्हिडचे शब्द मात्र तितके निःसंदिग्ध नाहीत. अहल्येची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकाला इथे आणखी एक गोष्ट खटकेल: ओव्हिडच्या जगात शाप ढिगाने आहेत, उःशाप फार थोड्यांना.

२०१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी हे पाठ शिकवण्यापूर्वी वर्गाला पूर्वसूचना द्यावी अशी मागणी केली आणि मोठा वाद झाला. पुढे २०२२ मध्ये स्टेफनी मॅकार्टर यांचे नवे इंग्रजी भाषांतर आले. जुन्या भाषांतरांत जिथे प्रेमाची सौम्य भाषा होती, तिथे त्यांनी जबरदस्तीला जबरदस्तीच म्हटले आहे.