सामायिक फोल्डरमध्ये लिहिण्याची मुभा कोणाला असावी?

इंदुरात राजवाड्याच्या आसपास किंवा रामबागेत करसल्लागाराच्या एखाद्या लहान कार्यालयात गेल्यास मांडणी बहुधा सारखीच दिसते: सात-आठ संगणक, ते जोडणारा एक स्विच, सगळ्यांचा मिळून एक प्रिंटर आणि एका संगणकावर ठेवलेले ‘जीएसटी’ नावाचे फोल्डर, जे प्रत्येकाला उघडता येते, बदलता येते आणि पुसताही येते. विवरणपत्रांची मुदत जवळ आली की ही मोकळीक फार सोयीची वाटते. धोकाही तिच्यातच आहे, आणि तो कसा उद्भवतो हे कर्मचाऱ्यांना सहसा कोणी समजावून सांगत नाही.

आपण लॉगिन करून जो प्रोग्रॅम चालू करतो, त्याला आपलेच अधिकार मिळतात. मग तो हिशेब ठेवण्याचा टॅली असो किंवा ‘थकीत बिल’ म्हणून ईमेलने आलेल्या अटॅचमेंटमध्ये दडलेले रॅन्समवेअर असो. हा खंडणी मागणारा प्रोग्रॅम फाइल वाचतो, किल्लीशिवाय उलगडणार नाही अशा सांकेतिक रूपात तिचा मजकूर बदलतो आणि मूळ मजकूर नाहीसा करतो. त्यासाठी त्याला कोणाचा पासवर्ड फोडावा लागत नाही, कारण अटॅचमेंट उघडणाऱ्या लिपिकाला ज्या फोल्डरमध्ये लिहिता येते, तिथे त्या प्रोग्रॅमलाही लिहिता येते. एकाच्या क्लिकने आठ जणांचे काम जाते ते असे. ज्याला फक्त आकडे पाहायचे आहेत त्याला केवळ वाचण्याचा अधिकार द्यावा, प्रत्येकाचे लॉगिन स्वतंत्र असावे आणि रोजच्या कामासाठी अ‍ॅडमिन खाते, म्हणजे संगणकात सगळे बदल करू देणारे खाते, वापरू नये. पदरचा पैसा न घालता होणारी याहून परिणामकारक सुधारणा माझ्या मते दुसरी नाही, तरीही कामाचा खोळंबा होईल म्हणून तीच टाळली जाते, याचे वाईट वाटते.

काही वेळा तर क्लिकचीही गरज पडत नाही. 12 मे 2017 रोजी जगभर पसरलेला ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्रॅम विंडोजच्या फाइल-शेअरिंग व्यवस्थेतील एका त्रुटीतून शिरत असे आणि एका संगणकात पोहोचला की 445 क्रमांकाच्या पोर्टवरून (संगणकाच्या नेटवर्कवरील एका ठरावीक प्रवेशद्वारातून) नेटवर्कवरचे इतर संगणक स्वतःच शोधून काढत असे. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेत रुग्णांच्या ठरलेल्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. मायक्रोसॉफ्टने तेव्हा चालू असलेल्या आवृत्त्यांसाठी या त्रुटीवरची दुरुस्ती 14 मार्चलाच दिली होती. अपडेटची सूचना दिसल्यावर ती पुढे ढकलत राहणे किती महागात पडते, हे त्या दोन महिन्यांनी दाखवले.

पासवर्डबाबत लांबी महत्त्वाची आहे. केवळ इंग्रजी लहान अक्षरांचे, आठ अक्षरी पासवर्ड सुमारे 20,900 कोटी होतात. आणखी चार अक्षरे वाढवली की ही संख्या 4,56,976 पट होते. अर्थात अक्षरे अंदाज न येणारी हवीत. शहराच्या नावापुढे 123 जोडले तर हे गणित लागूच होत नाही.

बॅकअपची हार्ड डिस्क संगणकाला कायम जोडलेली असेल, तर रॅन्समवेअर तिच्यावरच्या फाइलींपर्यंतही पोहोचते. म्हणून प्रत घेतल्यावर डिस्क काढून कपाटात ठेवावी आणि तिच्यातून एखादी फाइल खरोखर परत मिळते का, हे मधूनमधून पाहावे.

संशय येताच नेटवर्कची केबल काढावी, वाय-फाय बंद करावे आणि जबाबदार व्यक्तीला लगेच सांगावे. ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार अशा घटना लक्षात आल्यापासून 6 तासांच्या आत कळवायच्या असतात. बोलणी बसतील या भीतीने लिपिक गप्प राहिला, तर तेवढ्या वेळात इतर संगणकही बाधित होतात. बँक खात्यातून रक्कम गेली असल्यास त्याच क्षणी 1930 या राष्ट्रीय मदतवाहिनीवर फोन करावा, कारण ती रक्कम पुढच्या खात्यांत वळवली जाण्याआधी रोखता येण्याची शक्यता अधिक असते.