राखेचं सिमेंट म्हणजे भेसळ?

‘पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना) सिमेंटमध्ये राख घालतात, ही भेसळ आहे, स्लॅब कच्चा राहतो’ असा मेसेज फिरत असतो. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राजवळ राखेचे ढीग पाहिलेल्या नाशिककराला तो पटणं साहजिक आहे.

पण पीपीसीत १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश (कोळसा जाळल्यावर उरणारी बारीक राख) भारतीय मानकानुसारच असते. सिमेंटला पाणी लागलं की चुना सुटतो. राखेतली सिलिका त्याच्याशी हळूहळू संयोग पावून बारीक छिद्रं बुजवते. म्हणून सातव्या दिवशी ताकद थोडी कमी दिसते, पुढे वाढत जाते. नखाने खरवडल्यावर भुकटी निघते, ती बहुतेकदा पाणी मारणं लवकर थांबवल्याने. किमान १० दिवस, कोरड्या उन्हाळ्यात १४ दिवस क्युरिंग, म्हणजे पाणी मारून ओलं ठेवणं, हवंच. साइटवर अंदाजपंचे राख मिसळणं मात्र चूकच.

गोणीवर राखेची टक्केवारी छापलेली असते, ती वाचा. स्लॅबच्याच काँक्रीटचे १५ सेंटिमीटरचे तीन क्यूब (चौकोनी ठोकळे) भरून ठेवा आणि २८ दिवसांनी त्यांची ताकद लॅबमध्ये तपासून घ्या.