माचू पिक्चूला दम लागतो? आधी कुस्कोची उंची बघा

पेरूच्या टूरबद्दल एक फॉरवर्ड कायम फिरत असतो की माचू पिक्चू (इंका लोकांचं डोंगरावरचं जुनं शहर) फार उंचावर, विरळ हवेचा त्रास तिथेच होतो. फोटोत ढग दिसतात त्यामुळे तसं वाटणं साहजिकच, पण माचू पिक्चू आहे साधारण 2430 मीटरवर आणि विमान जिथे उतरतं ते कुस्को 3400च्या आसपास, म्हणजे डोकं दुखणं, धाप लागणं जे काय व्हायचं ते बहुतेक कुस्कोतच. नकाशावर चेक करा, कुस्कोच्या खाली व्हॅलीत असलेल्या ओयांतायताम्बो गावाहून माचू पिक्चूची ट्रेन उरुबांबा नदीच्या काठाने, नदी वाहते त्याच दिशेने जाते, आणि नदी काय वर चढत नाही. इंका ट्रेल या डोंगरातल्या जुन्या पायवाटेने चालत जाणाऱ्यांचं वेगळं, त्यांना मध्ये 4200 मीटरची खिंड लागते. मला तरी कुस्कोला उतरून आधी खाली व्हॅलीत मुक्काम ठेवणारी टूर जास्त बरी वाटते.