कॉफीचा डाग नेमका कुठे बसतो?

कॉफी दात पोखरते, असं सांगणारे व्हिडिओ हल्ली कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येऊन पडतातच. गंमत म्हणजे शेवटी उपायही तयार असतो: लिंबाच्या रसात खायचा सोडा कालवा आणि दातांवर चोळा. शाळेतला पीएच आठवा. काळ्या कॉफीचा पीएच 5 च्या आसपास, लिंबाच्या रसाचा 2 ते 2.5. एक अंक खाली गेला की आम्लता दहापट, म्हणजे लिंबू कॉफीपेक्षा काहीशे पट आम्ल. सोडा घातल्यावर ते आम्ल मरतं खरं, पण मग लिंबू पिळलंच कशाला?

इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कवच, वजनाने सुमारे 96 टक्के खनिज असतं. पीएच साधारण 5.5 च्या खाली गेला की ते विरघळू लागतं. या हिशेबाने काळी कॉफी कागदावर दोषी ठरते. पण घोट तोंडात राहतो किती वेळ? तो गिळला की मागून लाळ येते आणि तिच्यातलं बायकार्बोनेट उरलंसुरलं आम्ल मारून टाकतं. आपल्याकडे तर बहुतेक घरांत कॉफी दुधातच उकळतात, वर जायफळ किसून घालतात. तिचा पीएच 6 च्या वर असतो.

डागाचा आरोप मात्र खरा आहे, आणि खरी मजा तिथेच आहे.

रोज कॉफी पिणाऱ्याने आरसा घेऊन खालचे पुढचे दात जिभेच्या बाजूने बघावेत. दोन दातांच्या फटीत आणि हिरडीच्या कडेला तपकिरी रेघ दिसते. ब्रश पोचतो तो फुगीर भाग त्या मानाने स्वच्छ असतो. कारण रंग मुख्यतः बसतो तो इनॅमलवरच्या एका पापुद्र्यावर. दात कितीही लखलखीत करा, मिनिटभरात लाळेतली प्रथिनं त्यावर चिकटायला लागतात आणि तासा-दोन तासांत जास्तीत जास्त एखाद्या मायक्रोमीटर जाडीचा थर तयार होतो. याला पेलिकल म्हणतात. हा थर आम्लाचा मारा काहीसा झेलतो, त्यामुळे तो दाताच्या हिताचाच आहे.

त्यातली माझी आवडती मंडळी म्हणजे प्रोलीनने खच्चून भरलेली प्रथिनं. प्रोलीन या अमिनो आम्लाची बाजूची साखळी वळून मुख्य साखळीलाच परत जोडलेली असते, त्यामुळे तिथे एक वलय बनतं. अशी वलयं जागोजागी आली की प्रथिनाला नीट वेटोळं घालता येत नाही, ते उलगडलेलंच राहतं. त्याचं एक टोक ऋणभारित असतं. ते इनॅमलमधल्या कॅल्शियमला धरतं आणि उरलेला लांबलचक भाग लाळेत मोकळा राहतो. आता कॉफीतली पॉलिफेनॉलं ही वनस्पतिजन्य संयुगं येतात, क्लोरोजेनिक आम्ल आणि त्याचे भाऊबंद. त्यांच्या रेणूंतही चपटी वलयं असतात. ती प्रोलीनच्या वलयांवर अलगद बसतात आणि त्यांचे हायड्रॉक्सिल गट शेजारच्या ऑक्सिजनशी हायड्रोजन बंध जोडतात. एकेक बंध कमजोर, पण प्रोलीनं रांगेने उभी असल्यामुळे पकड पक्की होते. बिया भाजताना तयार झालेली मेलॅनॉइडिन ही तपकिरी संयुगंही याच थरात अडकतात. बाभळीच्या किंवा तरवडाच्या सालीने कातडं कमावतात तेव्हा असंच घडतं: सालीतलं टॅनिन (तेही पॉलिफेनॉलच) कातड्यातल्या कोलॅजेन या प्रथिनाला धरतं, आणि कोलॅजेनही प्रोलीनने भरलेलं असतं.

अशी प्रथिनं लाळेत आलीच कशाला? वनस्पतींमधलं टॅनिन तोंडातच अडवायला, असं बऱ्याच संशोधकांना वाटतं. 1983 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांना भरपूर टॅनिनची ज्वारी खायला घातली होती, पाखरंसुद्धा टाळतात तसली. काही दिवसांत त्यांच्या लाळग्रंथी फुगल्या आणि ही प्रथिनं कित्येक पटींनी वाढली. हॅमस्टरना मात्र हे जमलं नाही, त्यांची वाढ खुंटली. (आपल्या भाकरीच्या पांढऱ्या ज्वारीत टॅनिन फारसं नसतं, घाबरू नका.)

दुधातल्या केसीन या प्रथिनातही प्रोलीन बऱ्यापैकी असतं. ते पॉलिफेनॉलांना कपातच पकडून ठेवतं, त्यामुळे दातापर्यंत पोचणारा रंग कमी होतो. चहाच्या बाबतीत हे प्रयोगशाळेत दिसलंही आहे. क्लोरहेक्सिडीनच्या माउथवॉशचं नेमकं उलटं. हिरड्यांच्या उपचारात तो देतात. त्याचा रेणू धनभारित असल्याने पेलिकलवर ठाण मांडतो आणि चहा-कॉफीचा रंग ओढून घेतो. त्या दिवसांत दात अचानक काळपट दिसू लागले तर कारण हे.

दात किडतात ते साखरेने. रॉबर्ट स्टीफन या अमेरिकी संशोधकाने 1940 च्या दशकात दाखवलं, की ग्लुकोजच्या पाण्याने चूळ भरली की दातावरच्या किटणाचा, म्हणजे साखरेचं आम्ल करणाऱ्या जिवाणूंच्या थराचा, पीएच काही मिनिटांतच कोसळतो आणि वर यायला अर्धा-एक तास घेतो. म्हणून दोन चमचे साखरेची कॉफी एकदाच पिऊन टाकलेली बरी. तोच कप टेबलावर ठेवून सकाळभर घोट घेत बसणं वाईट. वरून पाण्याची एक चूळ भरावी.

आता पांढऱ्या दातांच्या नादाबद्दल. इनॅमल अर्धपारदर्शक असतं. दाताची पिवळसर झाक येते ती त्याच्या आतल्या थराची, डेंटिनची. कोळशाची पूड, राखुंडी, लिंबू यांनी इनॅमल झिजवलं की ती झाक आणखी ठळक होते, म्हणजे उपायानेच दात पिवळे. मशेरी तर भाजलेली तंबाखूच. तिने डागही पडतात आणि तोंडाचा कर्करोगही होऊ शकतो.

कॉफीचे डाग दंतवैद्याकडे पॉलिश करून बहुतेक निघतात. ‘साफ केल्याने दात हलतात’ ही भीती जुनी आहे. हिरड्या आधीच खाली सरकलेल्या असतात, किटणाने ती पोकळी भरलेली असते. ते निघालं की उघडी पडते इतकंच. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांतल्या मुलांच्या दातांवरचे खडूसारखे किंवा तपकिरी डाग मात्र अशा पॉलिशने जात नाहीत. विहिरी-बोअरच्या पाण्यातल्या जादा फ्लोराइडमुळे ते दात हिरडीतून बाहेर येण्याआधीच, इनॅमल घडत असतानाच पडलेले असतात. तिथे मुलांची चहा-कॉफी बंद करून काही होत नाही, पाणी बदलावं लागतं.