निकेलची खाज आणि हृदयातलं यंत्र

एक ग्रॅमच्या मंगळसूत्रानं मानेवर चट्टे, जीनच्या बटणानं बेंबीखाली खाज. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की हा त्रास बळावतो, कारण दागिन्यातला, बटणातला निकेल हा धातू घामात विरघळून कातडीत मुरतो. अशा माणसाला पेसमेकर (हृदयाचे ठोके सांभाळणारं यंत्र) किंवा स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) बसवायची वेळ आली तर ही खाज डॉक्टरांच्या कानावर आधी घालावी. तेवढ्यासाठी ऑपरेशन मात्र टाळू नये, आणि हार्ट अटॅकमध्ये तर अॅलर्जीच्या तपासणीसाठी थांबायचा प्रश्नच नाही.

पेसमेकरची डबी टायटॅनियमची असते. तिची अॅलर्जी फार विरळ. कोबाल्ट-क्रोमियमच्या बऱ्याच स्टेंटमध्ये १० टक्क्यांच्या आसपास निकेल असतं. सगळ्यात जास्त ते हृदयातलं छिद्र बुजवायच्या छत्रीत: निटिनॉल या निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या तारेत वजनानं सुमारे ५५ टक्के. तारेवरच्या टायटॅनियम ऑक्साइडच्या थरामुळे ते फारसं सुटत नाही. तरी पहिल्या महिनाभरात रक्तातलं निकेल वाढू शकतं, पुढे उतरतं. या काळात छातीत दुखलं, धडधडलं, अर्धशिशी सुरू झाली तर इको करून हृदयाभोवती पाणी झालंय का ते बघतात. छत्री काढावी लागणं क्वचितच.

पेसमेकरवरची कातडी लाल झाली, सुजली, तर पहिला संशय जंतुसंसर्गाचा, अॅलर्जीचा नव्हे. पेसमेकरची वायर थेट हृदयात गेलेली असते, म्हणून डॉक्टर गाठायची घाई. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून खाल्लं की रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू सापडत नाहीत आणि निदान भरकटतं. सूज सुईनं टोचून बघणंही चूक. नसलेले जंतू आत जातात. कल्चर पुन्हा पुन्हा कोरं आलं, तरच अॅलर्जीचा विचार.

मग पॅच टेस्ट. निकेल, कोबाल्ट, क्रोमियम आणि डबीच्या तोंडावरचं इपॉक्सी (एक प्रकारचं कडक प्लास्टिक), वायरवरचं सिलिकॉन यांचे नमुने पाठीवर चिकटवतात, ४८ तासांनी काढतात, पुन्हा ७२ ते ९६ तासांनी बघतात. तोवर पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम नाही. शेतीच्या माणसानं हिवाळाच गाठावा. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर निकाल खोटा येऊ शकतो. त्या मनानं बंद करू नयेत, डॉक्टरांना सांगाव्यात. टायटॅनियमसाठी ही टेस्ट भरवशाची नाही.

अॅलर्जी पक्की ठरली तर मलमानं फार काळ भागत नाही. डबी बदलून सोन्याचा मुलामा दिलेली, किंवा पीटीएफईच्या (टेफ्लॉनच्या) पातळ पडद्यात गुंडाळलेली बसवतात. स्टेंटला मात्र हा मुलामा मानवला नाही: तसे स्टेंट वापरून पाहिले, तेव्हा रक्तवाहिनी पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण उलट वाढलं.