राष्ट्रीय प्रतीके : संवैधानिक अर्थ व लोकशाही संकेत

भारताचा राष्ट्रध्वज, राष्ट्रगीत व राजमुद्रा यांचा संवैधानिक अर्थ संविधानाच्या मजकुरापेक्षा ठराव, कायदे, न्यायनिर्णय आणि रुळलेले संकेत यांतून अधिक घडला आहे. ध्वज कसा असावा किंवा राष्ट्रगीत कोणते, हे संविधानाचा एकही अनुच्छेद सांगत नाही. तिरंगा संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी जवाहरलाल नेहरूंनी मांडलेल्या ठरावाने स्वीकारला. ‘जन गण मन’साठी मात्र ठराव झाला नाही, तर २४ जानेवारी १९५० रोजी अध्यक्ष राजेंद्र प्रसाद यांनी सभागृहात निवेदन केले आणि ‘वंदे मातरम्’लाही समान मान राहील, असे त्यातच जाहीर केले. (मराठीत ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत, हिंदीत तेच ‘राष्ट्रगान’ आणि ‘राष्ट्रगीत’ म्हणजे ‘वंदे मातरम्’. भाषांतरात हा घोळ हमखास होतो.) सारनाथच्या सिंहशीर्षावरून घेतलेली राजमुद्रा २६ जानेवारी १९५० रोजी स्वीकारण्यात आली.

ध्वज व राष्ट्रगीत यांच्या आदराचे कर्तव्य १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ५१क मध्ये आले. तेथील क्रम बोलका आहे: आधी संविधानाचे पालन, मग त्याचे आदर्श व संस्था यांचा आदर आणि त्यानंतर ध्वज व राष्ट्रगीत. या कर्तव्याच्या भंगाला संविधानात शिक्षा नाही; ती १९७१ च्या राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या अवमानास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात आहे. ध्वजाप्रमाणेच संविधान सार्वजनिकरीत्या जाळणे वा विटंबणे यालाही हा कायदा गुन्हा ठरवतो आणि तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद करतो. मात्र सनदशीर मार्गाने बदल घडवण्यासाठी केलेली टीका म्हणजे अवमान नव्हे, असे त्यातील स्पष्टीकरण सांगते. कायद्याचा लोकशाही आशय खरे तर या स्पष्टीकरणातच आहे.

आदर आणि सक्ती यांतली रेषा न्यायालयांनी आखली. केरळमधील तीन शाळकरी मुले धार्मिक श्रद्धेमुळे राष्ट्रगीत म्हणत नसत, पण ते चालू असताना शांतपणे उभी राहत. त्यांना शाळेतून काढण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ती कारवाई रद्द केली. राष्ट्रगीत म्हणायलाच हवे असे कोणताही कायदा सांगत नाही आणि आदराने उभे राहणे हा अवमान ठरत नाही, अशी त्यामागची भूमिका होती. नवीन जिंदल प्रकरणात (२००४) सन्मानपूर्वक ध्वज फडकवणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा, अर्थात मर्यादांसह असलेला, भाग मानला गेला. चित्रपटगृहांत राष्ट्रगीत वाजवण्याची २०१६ ची सक्ती न्यायालयाने स्वतःच ९ जानेवारी २०१८ रोजी ऐच्छिक केली.

लोकशाही संकेत ध्वजाच्या दोरीतही दिसतात. १५ ऑगस्टला ध्वज खालून वर चढवला जातो. २६ जानेवारीला तो घडी घालून आधीच वर बांधलेला असतो आणि दोरी ओढून उलगडला जातो. दिल्लीत पहिला मान पंतप्रधानांचा, दुसरा राष्ट्रपतींचा. राज्यांत पूर्वी दोन्ही दिवशी राज्यपालच ध्वज फडकवत. तमिळनाडूचे मुख्यमंत्री एम. करुणानिधी यांनी हा प्रश्न लावून धरल्यानंतर १९७४ पासून स्वातंत्र्यदिनाचा मान निवडून आलेल्या मुख्यमंत्र्यांकडे आला. महाराष्ट्रात जिल्हा मुख्यालयी तो पालकमंत्र्यांकडे असतो आणि पालकमंत्री ठरले नसतील, तर कोणत्या जिल्ह्यात कोण ध्वजारोहण करणार याची वेगळी यादी सरकारला काढावी लागते.